२३ वर्षे कुणी न विचारलेले आडनाव

ऑगस्ट २०१८ च्या अखेरीस आशुतोष यांनी एक ट्वीट केले. त्याचा आशय असा होता : २३ वर्षांच्या पत्रकारितेत मला कुणी माझी जात विचारली नाही, आडनाव विचारले नाही, माझ्या नावानेच मी ओळखला गेलो. पण २०१४ मध्ये लोकसभेचा उमेदवार म्हणून मला पक्षाच्या कार्यकर्त्यांसमोर उभे केले, तेव्हा मी विरोध करूनही माझे आडनाव आवर्जून सांगितले गेले. नंतर मला समजावण्यात आले की, साहेब, तुम्ही जिंकणार कसे, तुमच्या जातीची इथे बरीच मते आहेत.

हे आशुतोष म्हणजे आधी 'आज तक'चे पत्रकार, नंतर 'आयबीएन-७' या हिंदी वृत्तवाहिनीचे मॅनेजिंग एडिटर. जानेवारी २०१४ मध्ये त्यांनी ती खुर्ची सोडली आणि आम आदमी पक्षात प्रवेश केला. दिल्लीच्या चांदनी चौक मतदारसंघातून लोकसभा लढवली, हरले, पक्षाचे प्रवक्ते म्हणून चार वर्षे टीव्हीवर बोलत राहिले आणि १५ ऑगस्ट २०१८ रोजी राजीनामा देऊन बाहेर पडले. त्यानंतर दोन आठवड्यांनी हे ट्वीट आले. त्याच दिवसांत पक्षाच्या आतिशी यांच्या नावापुढचे 'मार्लेना' गाळले गेल्यावरून वाद चालू होता. त्यामुळे विरोधकांनी ट्वीट उचलले, आम आदमी पक्षाला झोडपले. आपल्या म्हणण्याचा विपर्यास होतोय, असे आशुतोष यांनी सांगितले आणि दोन दिवसांत विषय संपला.

आंबेडकरी चळवळीने मात्र हा विषय संपू द्यायला नको होता. त्या वेळी सगळ्यांनी ट्वीटच्या उत्तरार्धावर चर्चा केली, म्हणजे पक्षाने जात का सांगितली यावर. पूर्वार्धाकडे कुणी पाहिले नाही. २३ वर्षे दिल्लीच्या न्यूजरूममध्ये एका माणसाला त्याची जात कुणीच विचारत नाही, याचा अर्थ काय? तिथे जात नव्हती म्हणून विचारली नाही, की सगळे एकाच पंगतीतले होते म्हणून विचारण्याची गरज पडली नाही?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपल्याला २०१४ च्या मागे, १९९६ पर्यंत जावे लागते. आणि योगायोग असा, की तिथेही आपल्याला हेच आशुतोष भेटतात.

१९९६ : थप्पड आणि त्यानंतरचा शोध

ऑक्टोबर १९९६. उत्तर प्रदेश विधानसभेची निवडणूक नुकतीच झाली होती. बसपाने काँग्रेसशी युती करून ६७ जागा जिंकल्या होत्या, पण बहुमत कुणालाच नव्हते. सरकार कुणाचे, मायावती मुख्यमंत्री होणार का, बसपा कुणाबरोबर जाणार, या प्रश्नांसाठी कॅमेरे आणि पत्रकार मान्यवर कांशीराम यांच्या दिल्लीतल्या निवासस्थानासमोर ठाण मांडून होते. तिथे वाद झाला आणि कांशीराम यांनी एका तरुण टीव्ही पत्रकाराला थोबाडीत मारली. तो पत्रकार म्हणजे आशुतोष. या प्रसंगामुळे त्यांचे नाव पहिल्यांदा देशभर पोचले. दिल्लीतल्या पत्रकारांनी एकजुटीने निषेध केला. वृत्तपत्रस्वातंत्र्यावर हल्ला झाला, असे म्हटले गेले.

इथे आपल्या लोकांशी थोडे स्पष्ट बोलतो. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर ही थप्पड अजूनही मोठ्या अभिमानाने फिरते. 'मान्यवरांनी मनुवादी मीडियाच्या कानाखाली आवाज काढला' वगैरे. मान्यवरांवर आपले प्रेम आहे ते त्यांनी सायकलवर देश पिंजून काढला म्हणून, नोकरदारांच्या वर्गणीतून पक्ष उभा केला म्हणून. कामावर असलेल्या पत्रकारावर हात उचलणे चूकच होते. संविधानाचा मार्ग सांगणाऱ्या बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्याने ते चूक म्हणायला कचरू नये. शिवाय या जल्लोषात खरी महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. ती थप्पडीनंतर घडली.

त्या वेळी 'वॉशिंग्टन पोस्ट' या अमेरिकन दैनिकाचे दिल्लीतले प्रतिनिधी होते केनेथ कूपर. स्वतः कृष्णवर्णीय. या प्रकरणात सगळे पत्रकार एका बाजूला आणि कांशीराम एका बाजूला, हे त्यांनी पाहिले आणि त्यांना एक साधी गोष्ट सुचली : एखाद्या दलित पत्रकाराचे यावर काय म्हणणे आहे, ते विचारावे. त्यांच्या देशात गोरे-काळे असा प्रसंग घडला असता, तर कुठल्याही बातमीदाराने हेच केले असते. कूपर यांनी ज्येष्ठ पत्रकार बी. एन. उनियाल यांना विचारले, की तुमच्या ओळखीचा एखादा दलित पत्रकार सांगा.

उनियाल विचारात पडले. तीस वर्षांच्या पत्रकारितेत आपल्याला एकही दलित पत्रकार भेटलेला नाही, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आले. त्यांनी मग शोध सुरू केला. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाची अधिस्वीकृतीधारक पत्रकारांची यादी काढली. यादीत ६८६ नावे होती. त्यांपैकी ४५४ जणांनी आपली जातवाचक आडनावे लावलेली होती आणि त्यांतले एकही आडनाव दलित नव्हते. उरलेल्या २३२ पैकी ४७ जणांना त्यांनी फोन करून विचारले. त्यांतही एक दलित सापडला नाही. १६ नोव्हेंबर १९९६ च्या 'द पायोनियर'मध्ये उनियाल यांनी हे सगळे लिहिले. भारतीय माध्यमांच्या इतिहासातला हा एक महत्त्वाचा लेख आहे, आणि आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला त्यातला ६८६ हा आकडा पाठ असायला हवा.

आता आशुतोष यांच्या वाक्याकडे परत या. ६८६ पैकी ४५४ जण आडनाव दारावरच्या पाटीसारखे मिरवत होते. त्यांना जात विचारायची गरजच नव्हती. आशुतोष यांनी आपले आडनाव टाकून दिले होते आणि त्यामागचा हेतू प्रामाणिक असेल, यावर मी शंका घेत नाही. पण आडनाव टाकल्यावर प्रश्न संपणे, ही सवलत सगळ्यांना मिळत नाही. आपल्या पोराने आडनाव लावले नाही, तर घरमालक गाव विचारतो, गावात घर कुठल्या बाजूला ते विचारतो, वडील काय करतात ते विचारतो, शेवटी भिंतीवर फोटो कुणाचा आहे ते पाहतो. ज्याला नुसत्या नावावर २३ वर्षे काढता येतात, त्याच्या जातीनेच ती २३ वर्षे त्याला दिलेली असतात.

हे फक्त १९९६ चे चित्र आहे, असेही कुणी समजू नये. २००६ मध्ये योगेंद्र यादव, अनिल चमडिया आणि जितेंद्र कुमार यांनी दिल्लीतल्या ३७ हिंदी-इंग्रजी माध्यमसंस्थांमधल्या निर्णय घेणाऱ्या ३१५ जणांची पाहणी केली. त्यांत ७१ टक्के सवर्ण हिंदू पुरुष निघाले, ओबीसी ४ टक्के, मुस्लीम ३ टक्के. दलित आणि आदिवासी शून्य. २०१९ मध्ये ऑक्सफॅम आणि न्यूजलाँड्री यांनी पुन्हा पाहणी केली. नेतृत्वाच्या १२१ जागांपैकी १०६ सवर्णांकडे होत्या, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस एकाही जागेवर नव्हता. म्हणजे आशुतोष यांची सगळी कारकीर्द या शून्याच्या शेजारी बसून झाली. ज्या न्यूजरूममध्ये आपला माणूस नाही, तिला आपला समाज दिसतही नाही. २००७ मध्ये बसपाने उत्तर प्रदेशात ४०३ पैकी २०६ जागा जिंकल्या, तेव्हा बहुतेक सगळे एक्झिट पोल त्रिशंकू विधानसभा सांगत होते, ते उगीच नाही.

२०११ : रामलीला मैदानातले कॅमेरे

आशुतोष यांचा राजकारणाकडचा रस्ता रामलीला मैदानातून गेला. एप्रिल २०११ मध्ये अण्णा हजारे जंतरमंतरवर बसले, ऑगस्टमध्ये रामलीला मैदानावर. आपल्या नगर जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीचा माणूस वृत्तवाहिन्यांनी काही दिवसांत देशाचा तारणहार करून टाकला. वाहिन्या चोवीस तास तिथेच होत्या. आशुतोष हे त्या काळात 'आयबीएन-७'चे प्रमुख चेहरा होते. या आंदोलनावर त्यांनी २०१२ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच या तेरा दिवसांनी देश जागा केला, असे म्हटले होते.

कुणाचा देश जागा झाला? लोकपाल विधेयकाच्या मसुद्यासाठी एप्रिल २०११ मध्ये जी संयुक्त समिती नेमली, तिच्यात नागरी समाजाच्या बाजूने पाच जण होते : अण्णा हजारे, शांती भूषण, प्रशांत भूषण, संतोष हेगडे आणि अरविंद केजरीवाल. पाचांत दलित नाही, आदिवासी नाही, मुस्लीम नाही, बाई नाही. निवडून आलेल्या संसदेला वेठीला धरणारे हे उपोषण संविधानाच्या चौकटीत बसते का, असा प्रश्न आंबेडकरी विचारवंतांनी तेव्हाच विचारला. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी सांगून ठेवले होते, की संविधानिक मार्ग उपलब्ध असताना सत्याग्रह-असहकाराचे मार्ग सोडले पाहिजेत आणि राजकारणात भक्ती आली, की हुकूमशाहीचा रस्ता मोकळा होतो. ऑगस्ट २०११ मध्ये उदित राज यांच्या पुढाकाराने दिल्लीत बहुजन लोकपालाच्या मागणीसाठी मोर्चा निघाला. तो किती वाहिन्यांनी किती मिनिटे दाखवला, हे त्या वेळी टीव्हीसमोर बसलेल्यांनी आठवून पाहावे.

टीका वाढली, तेव्हा काय झाले? २८ ऑगस्ट रोजी अण्णांनी उपोषण सोडले ते एका दलित आणि एका मुस्लीम लहान मुलीच्या हातून नारळपाणी घेऊन. मसुदा समितीत आमचा माणूस चालला नाही, पण नारळपाण्याचा पेला धरायला आमची पोर चालली. आणि कॅमेऱ्यांनी ते दृश्य सर्वसमावेशकतेचा पुरावा म्हणून देशाला दाखवले. टीव्हीचे 'जातविरहित' राजकारण असे चालते. निर्णयाच्या खोलीत आपण नसतो, छायाचित्रात मात्र असतो.

या आंदोलनातून नोव्हेंबर २०१२ मध्ये आम आदमी पक्ष जन्मला. त्यात टीव्हीच्या दुनियेतून आलेले आशुतोष एकटे नव्हते. मनीष सिसोदिया आधी झी न्यूजमध्ये होते, शाझिया इल्मी स्टार न्यूजच्या अँकर होत्या. पत्रकार पक्षात गेले, यापेक्षा न्यूजरूमचा स्वभाव पक्षात गेला, असे म्हणणे जास्त बरोबर ठरेल. भ्रष्टाचार हाच एक प्रश्न, आणि जातीबद्दल बोलणारा तो मागासलेला, हा त्या स्टुडिओचा दृष्टिकोन पक्षाची विचारसरणी बनला. २००६ ची ती पाहणी करणारे योगेंद्र यादवही या पक्षात होते. न्यूजरूममधला शून्य स्वतः मोजलेला माणूस पक्षाच्या वरच्या समितीत बसला होता, तरी चित्र बदलले नाही. एप्रिल २०१५ मध्ये त्यांनाच पक्षातून काढले गेले.

२०१४ : चांदनी चौकात जात सापडली

जानेवारी २०१४ मध्ये आशुतोष पक्षात आले, तेव्हा केजरीवाल दिल्लीचे मुख्यमंत्री होते. काही महिन्यांपूर्वी, ऑगस्ट २०१३ मध्ये, 'आयबीएन-७' ज्या समूहाची वाहिनी होती, त्या नेटवर्क-१८ मधून शेकडो कर्मचाऱ्यांना एका फटक्यात काढले गेले होते. कॉर्पोरेट घराण्यांवर कडक टीका करणारे आशुतोष आपण नंतर पाहिले. ती कपात झाली, तेव्हा मात्र ते संपादकाच्या खुर्चीत होते. खुर्चीत असताना गप्प आणि खुर्ची सोडल्यावर क्रांतिकारक, हा प्रस्थापित पत्रकारांचा जुना आजार आहे. हा एका माणसाचा दोष मानू नका. वाहिनीचा मालक कोण आणि संपादकाला किती मोकळीक, या व्यवस्थेतून तो येतो.

पक्षाने त्यांना चांदनी चौक दिला. व्यापारी पेठांचा आणि जुन्या दिल्लीतल्या मुस्लीम मोहल्ल्यांचा हा मतदारसंघ. समोर भाजपचे डॉ. हर्षवर्धन आणि काँग्रेसचे कपिल सिब्बल, म्हणजे लोकपालाच्या मसुदा समितीत सरकारच्या बाजूने बसलेले तेच सिब्बल. निकाल लागला, तेव्हा सिब्बल तिसऱ्या क्रमांकावर गेले, आशुतोष दुसरे आले आणि हर्षवर्धन यांच्याकडून सुमारे १ लाख ३६ हजार मतांनी हरले. दिल्लीच्या सातही जागा भाजपने जिंकल्या.

याच मतदारसंघात त्यांचे 'गुप्ता' हे आडनाव बाहेर काढले गेले. वैश्य मते आहेत, सांगा त्यांना की हा आपलाच आहे, हा हिशोब होता. आता नीट पाहा. जातीच्या राजकारणाच्या विरोधात निघालेला पक्ष, ज्याचे नेते लालू-मुलायम-मायावती यांना जातीयवादी म्हणत स्टुडिओत बसत, तो पक्ष पहिल्याच मोठ्या निवडणुकीत उमेदवाराची जात सांगत होता. आणि ती गुपचूप सांगत होता, कार्यकर्त्यांच्या बैठकीत. आमच्यावरचा आरोप असा, की आम्ही जात उघडपणे सांगतो. उघडपणे सांगतो, कारण ती आम्हाला मोडायची आहे आणि मोडण्यासाठी आधी तिचे नाव घ्यावे लागते. दबक्या आवाजात सांगणाऱ्याला ती वापरायची असते.

दुसरा हिशोब याहून मोठा आहे आणि तो कुणी ट्वीट केला नाही. २००८ च्या दिल्ली विधानसभा निवडणुकीत बसपाला १४ टक्के मते आणि दोन जागा होत्या. २०१३ मध्ये ती मते साडेपाच टक्क्यांच्या आत आली. त्याच निवडणुकीत अनुसूचित जातींसाठी राखीव १२ पैकी ९ जागा आम आदमी पक्षाने जिंकल्या, २०१५ मध्ये तर १२ च्या १२. झाडू हे चिन्ह ज्यांच्या हातात पिढ्यान् पिढ्या दिले गेले, त्या वस्त्यांनी या पक्षाला दिल्ली मिळवून दिली. पाणी, वीज, शाळा या प्रश्नांवर त्यांनी मत दिले आणि त्यात गैर काहीच नाही. उलट बसपा त्या वस्त्यांतून का हटली, हे आपण स्वतःला विचारले पाहिजे.

पण मते ज्यांची, त्यांना जागा कुठे? जानेवारी २०१८ मध्ये दिल्लीच्या तीन राज्यसभा जागा आल्या. आशुतोष यांचे नाव चर्चेत होते, त्यांना मिळाली नाही. संजय सिंह, सुशील गुप्ता आणि एन. डी. गुप्ता यांना मिळाल्या. एक पक्षाचा जुना कार्यकर्ता, एक काँग्रेसमधून आलेला उद्योजक, एक सनदी लेखापाल. माध्यमांनी दोन पत्रकार-कवी नेते कसे डावलले, यावर आठवडाभर चर्चा केली. तिघांत एकही दलित का नाही, हा प्रश्न त्या चर्चेत नव्हताच. २०२२ मध्ये पंजाबातून याच पक्षाने सात जण राज्यसभेवर पाठवले. पंजाबात अनुसूचित जातींची लोकसंख्या जवळजवळ ३२ टक्के, देशातल्या सगळ्या राज्यांत सर्वांत जास्त प्रमाण. सातांत एकही दलित नव्हता. त्याच वर्षी जानेवारीत सरकारी कार्यालयांत बाबासाहेब आणि भगतसिंगांचे फोटो लावण्याची घोषणा झाली, आणि ऑक्टोबरमध्ये दिल्लीतल्या धम्मदीक्षा सोहळ्यात २२ प्रतिज्ञा म्हटल्या म्हणून वादळ उठले, तेव्हा पक्षाचे मंत्री राजेंद्र पाल गौतम यांना राजीनामा द्यावा लागला. बाबासाहेबांचा फोटो चालतो, त्यांच्या प्रतिज्ञा चालत नाहीत.

आशुतोष तोवर बाहेर पडले होते. आता ते 'सत्य हिंदी' या व्यासपीठावरून लिहितात-बोलतात आणि हिंदुत्वावर टीका करतात. ती टीका अनेकदा धाडसाची असते, हेही नोंदवले पाहिजे. एका गोष्टीसाठी तर आपण त्यांचे आभार मानले पाहिजेत. दोन्ही बाजू आतून पाहिलेल्या माणसाने लिहून ठेवले, की न्यूजरूममध्ये जात विचारत नाहीत आणि पक्षात विचारतात. निष्कर्ष त्यांनी असा सुचवला, की पत्रकारिता स्वच्छ आणि राजकारण जातीचे. १९९६ ची यादी पुढ्यात घेतली, की निष्कर्ष उलटा निघतो. चांदनी चौकात निदान मत मागायला तरी जात उच्चारावी लागली, कारण तिथे सगळ्या जातींचे लोक होते. न्यूजरूममध्ये उच्चारावी लागली नाही, कारण तिथे बाकीचे लोकच नव्हते.

पत्रकारितेतून राजकारणाचा दुसरा रस्ता

काही मित्र म्हणतात, पत्रकाराने राजकारणात जाऊच नये. हे मला पटत नाही. महाराष्ट्रातला राजकारणाचा इतिहास अर्धा छापखान्यातून निघाला आहे. टिळकांचा 'केसरी', अत्र्यांचा 'मराठा', ठाकऱ्यांचे 'मार्मिक' ही नावे सगळ्यांना माहीत आहेत. आणि स्वतः बाबासाहेब? ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. 'केसरी'ने त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला नकार दिला. १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रहानंतर ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' निघाला आणि त्याच वर्षी बाबासाहेब मुंबई विधिमंडळात सदस्य म्हणून काम करू लागले. १९३० मध्ये 'जनता', १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष, १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत'. वृत्तपत्र, सत्याग्रह, विधिमंडळ आणि पक्ष ही एकाच कामाची चार अंगे होती.

मान्यवर कांशीराम यांनीही हाच रस्ता धरला. पुण्यात संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करताना बाबासाहेबांच्या जयंतीच्या सुट्टीवरून उभ्या राहिलेल्या संघर्षाने त्यांना चळवळीत आणले. १९७८ मध्ये बामसेफ, १९८१ मध्ये डीएस-४, १९८४ मध्ये बसपा. आणि या सगळ्यात 'द ऑप्रेस्ड इंडियन' आणि 'बहुजन संघटक' ही नियतकालिके. म्हणजे १९९६ मध्ये त्या दारात एका बाजूला पत्रकार आणि दुसऱ्या बाजूला पुढारी उभा होता, हे पूर्ण खरे नाही. दुसऱ्या बाजूलाही एक संपादक उभा होता. फक्त त्याची पत्रकारिता अधिस्वीकृतीच्या यादीत मोजली जात नव्हती.

दोन रस्त्यांमधला फरक इथे आहे. बाबासाहेब आणि कांशीराम समाजातून वृत्तपत्राकडे आणि वृत्तपत्रातून सभागृहाकडे गेले. वर्गणीदार आणि मतदार एकच होते. चूक केली, तर जाब विचारणारेही तेच होते. टीव्हीचा पत्रकार मालकाच्या पैशातून प्रसिद्ध होतो आणि ती प्रसिद्धी घेऊन पक्षात उतरतो. मतदारसंघात त्याचे स्वतःचे असे कुणी नसते. मग पक्षाला त्याच्यासाठी माणसे शोधावी लागतात, आणि आपल्या देशात माणसे शोधण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे आडनाव.

आपल्या महाराष्ट्रात याच काळात एक वेगळे उदाहरण घडले. एनडीटीव्हीचे पत्रकार इम्तियाज जलील २०१४ मध्ये एमआयएमकडून औरंगाबाद मध्यचे आमदार झाले आणि २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडीबरोबरच्या युतीत औरंगाबादचे खासदार. चंद्रकांत खैरे यांच्यावरचा विजय फक्त ४,४९२ मतांचा होता. राज्यात त्या युतीला सुमारे ४१ लाख मते पडली होती. एमआयएमच्या राजकारणाबद्दल आपले मतभेद असू शकतात, माझेही आहेत. पण इथे कुणाची ओळख बैठकीत कुजबुजली गेली नव्हती. दलित आणि मुस्लीम एकत्र आलेत, हे जाहीर सभांतून सांगितले होते आणि नामांतराच्या लढ्याने घडलेल्या त्या शहरात लोकांनी ते ऐकले होते. काही महिन्यांत ती युती तुटली. २०२४ मध्ये दोघे वेगवेगळे लढले आणि जलील हरले. पत्रकाराला टीव्हीवरच्या चेहऱ्याने निवडून आणले होते, की दोन समाजांच्या एकजुटीने, याचे उत्तर या दोन निकालांत आहे.

आपल्या पोरांसाठी

हा इतिहास आज मांडण्याचे कारण असे, की आता आपल्याकडेही यूट्यूब चॅनेलवाले तरुण आहेत. काहींचे प्रेक्षक लाखांत आहेत. ज्या बातम्या मोठ्या वाहिन्या गिळून टाकतात, त्या हे तरुण एका मोबाइलवर लोकांपर्यंत नेतात. 'मूकनायक'चे काम आज खरे तर यांच्याकडे आहे. आणि निवडणुका जवळ आल्या, की सगळ्या पक्षांचे फोनही यांनाच येतात. प्रवक्ता व्हा, सोशल मीडिया सांभाळा, पुढच्या वेळी तिकिटाचे बघू.

जा. जरूर जा. पण जाण्याआधी विचारा, की तिकीट वाटणाऱ्या समितीत आपले किती आहेत. राखीव जागेपलीकडे आपल्याला उमेदवारी आहे का? पक्षाच्या राज्यसभेच्या यादीत आपले नाव येते, की फक्त नारळपाण्याचा पेला धरायला बोलावतात? बाबासाहेबांच्या फोटोबरोबर त्यांच्या २२ प्रतिज्ञा पक्षाला चालतात का? ही उत्तरे मिळाली नाहीत, तर आपण त्या पक्षात नेता म्हणून जात नाही, आडनाव म्हणून जातो. आशुतोष यांना आडनाव लावून जास्त मते मिळतील, असे पक्षाला वाटले. आपले आडनाव लावले, की पक्ष आपल्याला फक्त आपल्याच वस्तीत फिरवतो.

आणि जे जाणार नाहीत, त्यांनी चॅनेल चालवावे, पण वर्गणीवर चालवावे. शंभर-शंभर रुपये देणारे पाचशे लोक असतील, तर महिन्याला पन्नास हजार रुपये होतात आणि कुणा पुढाऱ्याचा फोन घ्यावा लागत नाही. बामसेफ अशाच वर्गणीवर उभी राहिली. आपल्याच नेत्याला प्रश्न विचारण्याची सवयही ठेवावी. दिल्लीच्या वस्त्या बसपाला सोडून का गेल्या, हे वेळीच विचारणारा आपला पत्रकार तेव्हा असता, तर कदाचित गोष्ट वेगळी झाली असती. प्रश्न विचारणाऱ्या आपल्या पोराला 'गद्दार' म्हणणे, हे थप्पड मारण्यासारखेच आहे.

केनेथ कूपर यांनी १९९६ मध्ये जो दलित पत्रकार शोधला, तो आज आपल्या जिल्ह्यात, तालुक्यात मोबाइल हातात घेऊन उभा आहे. त्याला अधिस्वीकृतीचे कार्ड नाही, पगार नाही, पोलिसांनी पकडले तर सोडवायला संघटना नाही. आपण त्याचे वर्गणीदार झालो, तर तो टिकेल. नाहीतर निवडणूक येईल, कुठल्यातरी पक्षाच्या बैठकीत त्याला उभे केले जाईल आणि कुणीतरी हळूच त्याचे आडनाव सांगेल.

जय भीम!